आप्पांचा गुरुवार

शिवरामआप्पांची आणि माझी पहिली ओळख कंपनीच्या बंद गेटसमोर झाली. सणसवाडीच्या एकाच कारखान्यात आम्ही बरीच वर्षं होतो, पण ते प्रेस शॉपला आणि मी पेंटला, त्यामुळे कधी बोलणं झालं नव्हतं. त्या सकाळी पहिल्या शिफ्टला आलो, तर गेटला कुलूप आणि शेजारी नोटीस. कोणी शिव्या देत होतं, कोणी रडत होतं. आप्पा रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसले आणि म्हणाले, "डबा तरी खाऊन घ्या रं. भरला डबा घरी न्हेला तर दारातच कळंल सगळ्यांला." भल्या सकाळी आम्ही डबे उघडून भाकरी खाल्ली.

गौरव अंकात यशाची गोष्ट लिहायची असते, हे मला ठाऊक आहे. पण आप्पा साठीत पदार्पण करत असताना मला आधी त्यांचा थकवा आठवतो, आणि तो वगळला तर हा लेख खोटा होईल. माणूस पहिल्यांदा नव्याने सुरुवात करतो तेव्हा लोक पाठ थोपटतात. तिसऱ्या-चौथ्या वेळी कोणी बघायलाही येत नाही. आप्पांनी आधी सायकलवर अंडी विकली. निम्मी खड्ड्यांत फुटायची. मग शिरूरच्या स्टँडबाहेर भज्यांची गाडी लावली, ती त्यांच्या पत्नी हिरावहिनींच्या आजारपणात बंद पडली. त्यानंतर त्यांनी सणसवाडीत एक गाळा भाड्याने घेतला आणि स्टोव्ह दुरुस्ती सुरू केली. मला निरोप धाडला, "घरी बसून भित्ताडं बघण्यापरीस हिकडं ये." मी गेलो.

आजूबाजूला भाड्याच्या खोल्या, खोलीत चार-पाच परप्रांतीय कामगार आणि प्रत्येक खोलीत रॉकेलचा स्टोव्ह. धंदा चालायलाच हवा होता. तरी आम्ही माश्या मारत बसायचो. आमचं काम चोख, दर वाजवी, मग गिऱ्हाईक जातं कुठं, हे काही केल्या उमगेना. आप्पांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो भकासपणा होता, तो मला गेटसमोरही दिसला नव्हता. गाळा सोडायचं त्यांनी मनाशी ठरवलंही होतं.

एका गुरुवारी आप्पा विसरलेला चष्मा न्यायला दुकानावर गेले. पायरीवर एक बिहारी कामगार मांडीवर स्टोव्ह घेऊन बसलेला. तो म्हणाला, "चाचा, हमारी छुट्टी गुरुवार को ही रहती है। जब भी आते हैं, आपका शटर बंद मिलता है।"

आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. कंपनी बंद पडली तरी आमच्या अंगातला गुरुवार गेला नव्हता. मालक आम्हीच, दुकान आमचंच, आणि तरी दर गुरुवारी आम्ही इमानेइतबारे सुट्टी घेत होतो. गिऱ्हाइकाला मोकळा असलेला तेवढाच दिवस! आप्पांनी मला हे सांगितलं तेव्हा ते खोकला येईपर्यंत हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "कंपनीनं आपल्याला सोडलं, आन् आपुन तिची सुट्टी धरून बसलोय व्हय!"

त्या दिवसापासून आप्पांनी गुरुवारी दुकान बंद ठेवलं नाही. दुसरा कुठला वार सुट्टीला धरायचा, तर तेही जमलं नाही. आमच्या बंद कंपनीतले आणखी काही जण हाताला काम नाही म्हणून त्यांच्याकडे आले. आप्पांनी सगळ्यांना शिकवलं आणि प्रत्येकाला वेगळ्या गावी दुकान घालायला लावलं, कोणी कोरेगाव भीमाला, कोणी शिरूरला. मी दौंडला गाळा घेतला तेव्हा ते स्वतः वॉशरची पिशवी घेऊन आले आणि बसण्याआधी त्यांनी विचारलं, "हितल्या गिऱ्हाइकाची सुट्टी कवा असती, ते बघितलंस का?" पुढे घरोघरी गॅस आला, स्टोव्ह माळ्यावर गेले. आप्पा पन्नाशी उलटल्यावर मिक्सर उघडायला शिकले. तेव्हाही कोणी पाठ थोपटली नाही.

आता त्यांचे गुडघे दुखतात. पायरी चढताना शटरचा आधार घ्यावा लागतो. वहिनी मला म्हणाल्या, "ह्यांला गिऱ्हाइकाला न्हाई म्हनायला येत न्हाई. तुम्हीच कायतरी करा, भावजी." म्हणून सत्काराचा दिवस आम्ही मुद्दाम गुरुवारचा धरला. आप्पा लगेच अडले. "गुरवारी नको. मानूस पायरीवरनं माघारी जाईल."

आप्पा, तो जाणार नाही. आम्ही दुकानदारांनी आपसांत पाळी लावली आहे. इथून पुढे दर गुरुवारी आपल्या गाळ्यावर आमच्यापैकी एक जण बसेल. पहिली पाळी मी मागून घेतली आहे. आपल्या गळ्यात हार पडत असेल आणि हा अंक आपल्या हाती येत असेल, तेव्हा मी मंडपात नसेन, याचं वाईट वाटून घेऊ नका. मी सणसवाडीत कोणाचा तरी मिक्सर खोलून बसलेला असेन.

आपल्याला निरोगी, उदंड आयुष्य लाभावं, आणि त्यातला प्रत्येक गुरुवार आपण वहिनींसोबत घरी काढावा. शटर आम्ही उघडतो.