सुगंधाबाईची टोपली

चांद्याच्या परकोटाआतला जुना बाजार पार बसला होता. रेल्वे स्टेशनाकडे नवी दुकानं झाली, गिऱ्हाईक तिकडं वळलं आणि बिनबा दरवाजाजवळच्या गल्लीत एकामागून एक कुलपं लागली. त्या ओसाड गल्लीत सुगंधाबाई ढिवरीण तलावातले झिंगे नि मरळ घेऊन बसायची. मासळी ताजी, तोंड तिखट. तिच्यासाठी बायका गल्लीत येऊ लागल्या, म्हणून भाजीवाल्या आल्या, मग मिरची-मसाल्याचं दुकान उघडलं.

सत्तावन्न साली स्टेशनाकडून बाबुलाल कापडवाला परतला. त्यानं व्यापारी जमवले, गल्लीत फरशी घातली, दिवे लावले. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी नाकाला उपरणं लावून तो तिच्यापुढं उभा राहिला.

"बाई, उद्यापासून दरवाजाबाहेर बसा. या वासात लुगडं घ्यायले कोन येईन?"

"गल्ली मेली होती तवा तू कुठी होता? तवा नाई आला तुले वास?"

"गल्ली तुह्या बापाची नाई."

"तुह्याबी बापाची नाई."

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम दरवाजाच्या कमानीखालीच बसली. बाबुलालच्या नोकरांनी टोपली उचलून नालीत उलटी केली. तिच्या मागोमाग आलेल्या भाजीवाल्या खाली मान घालून वांगी रचत राहिल्या. नालीतल्या मासळीपेक्षा त्या माना तिला जास्त लागल्या.

ती दरवाजाबाहेर उन्हात बसू लागली. आत बाजार चांगलाच फुलला. तिनं मात्र त्या फरशीवर पुन्हा पाय ठेवला नाही. मीठसुद्धा स्टेशनाकडून आणायची.

दोनेक वर्षांनी बाबुलाल स्वतः आला. मासळीला बाहेर उन्हात जावं लागतं अशी गिऱ्हाईक बायकांची कुरकुर होती, म्हणून गल्लीच्या टोकाला मासळीसाठी छपराचा ओटा बांधला होता. "झालं गेलं सोडा, बाई."

तिनं खवले काढता काढता वर पाहिलं नाही. "तुही गल्ली तुले लखलाभ. माही तिरडीबी तिकडून जानार नाई."

शेजारी बसलेली सून कुंता मात्र ऐकत होती. संध्याकाळी ती म्हणाली, "आत्या, उन्हानं लेकरू करपून राह्यलं. मी जातो त्या ओट्यावर."

"जाय. पन मंग माह्या चुलीवर तुहं भांडं नको."

कुंता गेली. घरात मधोमध बांबूचा तट्ट्या उभा राहिला, दोन चुली झाल्या. सुगंधाबाई दरवाजात येणाऱ्या प्रत्येकाला अडवून सांगायची, "आतली शिळी हाय. ताजी इथी."

दोघींच्या टोपल्यांत मासळी एकाच जाळ्यातली असायची. वारलू, एकीचा लेक नि दुसरीचा नवरा, पहाटे ती सारखी वाटून द्यायचा आणि आईची टोपली आधी उचलून तिच्या डोक्यावर चढवायचा. त्याच्याशीही सुगंधाबाई बोलत नसे.