यमुनाबाई आणि रेनाटेच्या अळ्या

जालन्याजवळच्या खेड्यात यमुनाबाईंनी सतरा वर्षं रेशीम पिकवलं. एक एकर तुती, घरामागे शेड, वर्षाला पाच बॅचा. उरलेल्या काड्या शेळ्यांना, अळ्यांची विष्ठा पुन्हा तुतीच्या मुळाशी; वाया म्हणून काही जायचं नाही. त्या कोशांवरच मुलगा हृषिकेश इंजिनिअर झाला, जर्मनीत एश्बॉर्नला आला, आणि जूनमध्ये त्याने आईला बोलावून घेतलं.

सून चारुलता शनिवारच्या बाजारात रेनाटेकडून कोंबडीची अंडी घेई. रेनाटेचं गाव टाउनुसच्या डोंगरात. गाई परवडेनात, म्हणून तिने बांधावर तुती लावून रिकाम्या गोठ्यात पहिल्यांदाच रेशमाच्या अळ्या वाढवायला घेतल्या होत्या. त्या शनिवारी तिचे डोळे सुजलेले. अळ्या काल रात्रीपासून खात नव्हत्या. संध्याकाळी सगळ्या कंपोस्टमध्ये टाकणार होती.

"मला घेऊन चल," बाजारात सोबत आलेल्या यमुनाबाई सुनेला म्हणाल्या.

गोठ्यात दहा ताटं. हजारो अळ्या माना उंचावून निश्चल. तिसऱ्या घंटेनंतर नाट्यगृहात पसरते, तशी शांतता. त्यांनी खावं म्हणून रेनाटेने वर धुतलेला ओला पाला रचला होता. दाराशी बादली तयार.

यमुनाबाई ताटांवर वाकल्या. "आजारी नाहीत गं. कात टाकायला बसल्यात, निजल्यात. चारू, तिला म्हणावं पाला काढ."

"अहो आई, ती म्हणते, उपाशी मरतील."

"विचार तिला, झोपेत जेवते का ती."

चारुलताने विचारलं. रेनाटे नाक पुसत म्हणाली, "मी नाही. माझा नवरा जेवतो."

ओला पाला निघाला, ओल शोषायला चुन्याची पूड भुरभुरली गेली. यमुनाबाई तिथेच मुक्कामाला राहिल्या, चारुलतालाही ठेवून घेतलं. रविवारी सकाळी काही अळ्या जुनी कात सोडून वळवळत पाला शोधू लागल्या. रेनाटे धावत टोपली घेऊन आली. यमुनाबाईंनी तिचं मनगट धरलं.

"थांब. उठलेल्यांना आधी वाढलंस तर निजलेल्या मागं पडतात, कोशही मागंपुढं होतात. पंगत एकदम बसवायची."

चारुलताने समजावलं. "गेनाऊ, अगदी बरोबर," रेनाटे म्हणाली, पण टोपली खाली ठेवेना. तिच्या उभ्या वर्षाची मेहनत डोळ्यांदेखत भुकेली फिरत होती. यमुनाबाईंनी मनगट सोडलं नाही.

दुपारी नऊ ताटं हलू लागली. दहावं आदल्या दिवशीच्या ओल्या पाल्याच्या ओलीनं कुजून गेलं होतं. ते रेनाटेने स्वतः बादलीत रिकामं केलं आणि हात धुऊन परत आली.

"आता वाढ," यमुनाबाई म्हणाल्या.

"किती?"

"त्या थांबेपर्यंत."