घडी मोडायचा मान

तावडेकाका माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याच्या कपड्याला हात लावत. आम्ही कल्याणजवळच्या मोहन्यातल्या या इमारतीत राहायला आलो त्या दिवशी समोरच्या दारातून पांढऱ्या शर्टातले, सडपातळ गृहस्थ आमच्याकडे आले. मी "या" म्हणायच्या आत त्यांनी माझ्या नव्याकोऱ्या पडद्याचं टोक अंगठा आणि बोटात धरून चोळलं आणि म्हणाले, "मिक्स आहे, ताई. धुतलात की आखडेल." मला राग आला. पहिल्याच धुण्यात पडदा चांगला वीतभर आखडला, तेव्हा तर जास्तच आला.

कल्याणच्या बाजारपेठेतल्या एका साड्यांच्या दुकानात काकांनी उभं आयुष्य काढलं. उभं आपलं म्हणायचं. काढलं बसूनच, पांढऱ्या गादीवर मांडी घालून. दुकान मालकाचं होतं, गिऱ्हाइकं काकांची. एका झटक्यात ते साडी अशी उलगडत की पदर बरोबर बाईच्या मांडीवर येऊन पडे, आणि एकदा मांडीवर पडलेला पदर उचलून परत द्यायला फार कठीण काळीज लागतं. जगातल्या प्रत्येक बाईला ते ताई म्हणत. अपवाद दोनच. बायकोला ते "अहो, ऐकलंत का" म्हणत आणि मुलीला "अशू".

गादीचे त्यांचे काही कायदे होते. पहिला म्हणजे गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नाही. तुम्ही मोरपंखी मागितलीत आणि दुकानात मोरपंखी नसली, तर ते म्हणत, "आहे ना! आधी ही बघा." मग तुम्ही जांभळी घेऊन घरी जात आणि वर त्यांचे आभार मानत. घरातही तेच. काकूंनी "मीठ आणलंत का?" विचारलं तर उत्तर यायचं, "आणलंय ना, आधी साखर बघा." दुसरा कायदा, "बघायला पैसे पडत नाहीत." आणि तिसरी होती ती खरं म्हणजे पारख. "ताई, गिऱ्हाईक 'आणखी दाखवा' म्हणालं की समजायचं, जीव अडकला. 'पुन्हा येऊ' म्हणालं की समजायचं, गेलं. ते काय परत येत नाही."

काका निवृत्त झाले तेव्हा मालकांनी त्यांना शाल आणि नारळ दिला, आणि काकूंसाठी एक साडी. काकू ती कपाटात ठेवायला गेल्या तर कपाट बंद होईना. काकांनी खांदा लावून दार दाबलं. ते लागलं आणि दोघं वळेपर्यंत आपोआप उघडलं. आत सगळ्या साड्या होत्या. दरवर्षी दुकानात जो माल उठत नसे तो काका सवलतीत घरी आणत. निम्म्यांच्या घड्याही मोडलेल्या नव्हत्या. "मी पलंगावर बसून बघतच राहिलो, ताई," ते मला सांगत होते. "कल्याणच्या बायकांची कपाटं मीच भरली, ते माहीत होतं. पण आमचं पण भरलं, ते काय माझ्या लक्षातच नाही आलं."

त्या पाडव्याला त्यांच्या गुढीवर नवं वस्त्र नव्हतं, काकूंच्या लग्नातला शालू होता. कडुनिंब-गुळाचा प्रसाद वाटता वाटता काकांनी जिन्यात जाहीर केलं, "या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत आमच्या घरात नवीन वस्तू विकत येणार नाही. खाण्याचं, धुण्याचं आणि औषधाचं सोडून."

इमारतीला करमणूक झाली. मला तर फारच, कारण माझ्या दारात रोज एखादं खोकं येऊन पडायचं. काका त्या खोकेवाल्यांना 'तुमचे पाहुणे' म्हणत. "ताई, तुमचे पाहुणे येऊन गेले," असं ते इतक्या अदबीने सांगत की मी खोकं पदराआड लपवून आत न्यायला लागले. त्यांनी मात्र छत्रीला नवी काडी घालून आणली, चपलेला अंगठा लावून घेतला, जुन्या पँटीची बाजारपिशवी शिवली आणि तिला खिसे ठेवले. "पँटीचे होतेच, काढायचे कशाला?" एका संध्याकाळी हॉलमधला बल्ब गेला, तेव्हा मोठा पेच पडला. बल्ब खाण्याचा, धुण्याचा की औषधाचा? काका विचारात पडले. काकू फार बोलत नसत, पण बोलल्या की विषय संपे. त्या म्हणाल्या, "अंधारात पडलात की औषधाचाच होईल. घेऊन या." बल्ब आला.

दिवाळी तशीच गेली आणि दिवाळीनंतर अशू आली. अश्विनी, काकांची एकुलती एक लेक. लग्न होऊन ठाण्याला, घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये गेलेली. पहिल्यांदाच दिवस राहिले होते, सातवा लागत होता. मी फराळाचा डबा परत करायला गेले होते, म्हणून पुढचं सगळं माझ्या कानावर पडलं. खरं सांगायचं तर मी डबा देऊन निघणार होते, पण निघाले नाही.

"बाबा, डोहाळजेवणाची साडी घ्यायला कधी जायचं?"

काकांनी हातातल्या पेपरची साडीसारखी घडी घातली. "अशू, साडीचं बघू आपण काहीतरी. पण विकत नाही घेणार. पाडव्यापर्यंत नाही."

अश्विनीने आधी हसून पाहिलं. बाप चेष्टा करत नाहीये हे कळल्यावर तिचं तोंड उतरलं.

"दुकानात आलेल्या एका बाईला आयुष्यात 'नाही' म्हणाला नाहीत. मला बरं पटकन म्हणालात!" ती म्हणाली. "लहानपणापासून मी काय घालत आलेय, बाबा? उरलेलं. दिवाळीला उरलेलं. कॉलेजच्या साडी डेला उरलेलं. कॉफी, राखाडी, तो मेला बटाट्याच्या सालीचा रंग. हिरवी तर कधीच नाही, कारण हिरवी तुमच्या दुकानात उरतच नाही. अर्ध्या कल्याणच्या पोरींना तुम्ही डोहाळजेवणाची हिरवी दाखवलीत. मला एकदा तरी समोर बसवून दाखवलीत का?"

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला. "बरोबर बोलतेय ती."

मी डबा ठेवला आणि निघाले. मलाही अश्विनीचंच पटलं होतं. नेम करावा तो स्वतःपुरता, लेकीच्या डोहाळजेवणात त्याचं काय काम?

सकाळी काका गॅलरीत उभे होते. रात्रभर झोपले नव्हते हे दिसतच होतं. "ताई, काय करू? वर्ष मोडू?"

"मोडा," मी म्हटलं. "पोरीपुढे कसलं आलंय वर्ष?"

"मोडायला काय, आत्ता रिक्षात बसलो तर अर्ध्या तासात कल्याण. पण मी नवीन साडी आणून हातात दिली, तरी ती मी उचललेली. तिला समोर बसून, नावं ठेवून निवडायचीय हो. तेवढं तर कुठलं पण गिऱ्हाईक करतं. माझ्या घरात ते कोणाला मिळालंच नाही." मग ते एकदम माझ्याकडे वळले आणि त्यांचा आवाज दुकानातला झाला. "तुमची हिरवी कुठाय, ताई?"

"कुठली?"

"डोहाळजेवणाची. बारीक बुट्टीची, पिवळ्या काठाची. तुमच्या आईने घेतलेली, तुम्ही बाजूलाच बसलेलात. 'आणखी दाखवा, आणखी दाखवा' करत सगळं दुकान उपसलेलं त्यांनी."

तेव्हा आम्ही शेजारी नव्हतो, एकमेकांना ओळखतही नव्हतो. पण साडी होती, अगदी तशीच. तो एक दिवस नेसले आणि ठेवून दिली. आपल्याकडे घराघरातून अशी एक हिरवी साडी निवांत झोपलेली असते.

पुढच्या रविवारी काकांच्या हॉलमधला सोफा भिंतीला गेला. जमिनीवर गाद्या पसरल्या, त्यावर पांढरीशुभ्र चादर. इमारतीतल्या बायकांनी उसन्या दिलेल्या हिरव्या साड्यांची चळत काकांच्या मागे लागली. शेजारच्या जुन्या घरातल्या मढवी आजीही काठी टेकत आल्या. आमची इमारत उभी आहे ती त्यांच्याच भाताच्या शेतात. त्या कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या, मांडीवर एक पिशवी घेऊन.

अश्विनीला काकूंनी आतून आणून समोर बसवलं. ती अजून फुरंगटलेलीच होती.

"या ताई, बसा," काका म्हणाले. "चहा घेणार की थंड?"

"काही नको."

"काय दाखवू?"

"हिरवी."

"कशासाठी?"

"तुम्हाला माहितीये, बाबा."

"गिऱ्हाइकाने सांगायचं असतं, ताई."

"डोहाळजेवणासाठी."

"पहिलंच का?" हे त्यांनी कल्याणच्या किती बायकांना विचारलं असेल. पण या वेळी विचारताना त्यांनी उगाच चादरीची सुरकुती सारखी केली.

"हो," अश्विनी हळूच म्हणाली.

मग पहिली साडी उलगडली आणि पदर लेकीच्या मांडीवर जाऊन पडला. काका बोलायला लागले. पोत, काठ, जर, उजेडातला रंग, सावलीतला रंग. माझ्या आईने घेतलेली साडी मला पहिल्यांदाच नीट दिसली. अश्विनी आधी नुसती बघत होती. मग तिने एका साडीचा काठ बोटांत धरून चोळला, थेट बापासारखा. "काठ फारच बारीक आहे." दुसरी भडक वाटली, तिसरी आजीबाईछाप. काकांचा चेहरा खुलत चालला होता. चळत संपत आली तेव्हा ती मांडी सावरून बसली आणि म्हणाली, "आणखी दाखवा."

काकांनी आम्हा सगळ्यांकडे असं बघितलं, जशी लेक बोर्डात पहिली आली. पण मागे आता एकही साडी उरली नव्हती, आणि गादीवर 'नाही' म्हणायचं नसतं.

"आहे ना," ते म्हणाले आणि थांबले.

तेव्हा कोपऱ्यातून मढवी आजींनी पिशवी पुढे केली. त्यांच्या घरच्या लग्नांतून मानाच्या साड्यांचा ढीग येतो, नेसणार किती? पिशवीतून साडी निघाली ती लाल काठाची आणि पोपटाला लाजवील अशी हिरवी. काकांनी तिला हात लावला आणि घडीच्या कडेवरून बोट फिरवलं.

"ही घडी माझ्या हातची आहे," ते आजींना म्हणाले. "दुकानातून गेली तशीच आहे. ताई, नेसला नाहीत?"

"अगो पोरी," आजी अश्विनीलाच म्हणाल्या, "मना आता ही नेसाला जमतं का? ठेवून ठेवून कसर लागंल. तू घडी मोड. माजा जीव थंड होल."

आमच्यातली एक लगेच म्हणाली, "ओ काका, ही तर नवीन झाली! नियम मोडला तुमचा."

"नियम विकत न घेण्याचा होता, ताई," काका म्हणाले. "घडी मोडायचा मान कुठे विकत मिळतो?"

नव्या साडीची पहिली घडी आपल्या माणसाला मोडायला देतात. अश्विनीच्या वाट्याला तो मान आजवर आला नव्हता. तिने साडी छातीशी धरली, डोळे पुसले आणि मानेला झटका देत म्हणाली, "हीच. पॅक करा."

ठाण्याच्या हॉलमध्ये डोहाळजेवण झालं. झोपाळ्यावर बसलेल्या सुनेचा पदर बोटांत धरून विहीणबाईंनी विचारलं, "सुरेख आहे गं. कुठून घेतली?"

"बाबांनी दाखवली," अश्विनी म्हणाली. एवढंच म्हणाली, पण काका शेजारच्या रांगेत ताठ बसले होते.

साडी धुऊन, काकांच्या हातची नवी घडी होऊन मढवी आजींकडे परत गेली. नातवाच्या हळदीला आजी ती नेसल्या, जमत नव्हतं तरी नेसल्या.

पाडव्याच्या आत काकांना नात झाली. बाळाला पहिले कपडे जुन्याचेच घालतात, त्यामुळे तिच्या बाबतीत काकांना कुणाशी भांडावं लागलं नाही. काकूंनी मऊ झालेली सुती पातळं फाडून झबली आणि दुपटी शिवली. कॉफी, राखाडी आणि बटाट्याच्या सालीचा रंग. त्या रंगांत ती पोर इतकी गोड दिसायची की अश्विनीनेही तक्रार केली नाही.

वर्ष संपलं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी अश्विनी म्हणाली, "बाबा, चला कल्याणला. आता खरीखुरी खरेदी. ताई, तुम्ही पण चला." काकूंनाही घेऊन आम्ही रिक्षाने दुकानात गेलो. मालकांनी काकांना बघून "या, या" केलं आणि काका गादीच्या अलीकडे, गिऱ्हाइकांच्या बाजूला, अवघडून बसले. समोरच्या सेल्समनने विचारलं, "कोणासाठी?"

काका लेकीकडे बघायला लागले. अश्विनीने मांडीवरच्या बाळाला सारखं केलं आणि म्हणाली, "माझं झालं, बाबा. आईला दाखवा."

काकू दचकल्या. "मला कशाला?"

काका मात्र उठले होते. मालकांना हातानेच विचारून, चपला काढून ते गादीवर चढले आणि मांडी घालून बायकोसमोर बसले. इतक्या वर्षांच्या संसारात काकू त्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून कधी बसल्याच नव्हत्या. साड्या आपल्या घरी येत होत्या, न विचारता.

"या ताई," काका म्हणाले. आम्ही हसलो, पण ते हसले नाहीत. "कुठला रंग दाखवू?"

काकूंनी फळ्यांवरून नजर फिरवली. त्यांना सांगता येईना. मग त्या लाजत, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मोरपंखी."

सेल्समन म्हणाला, "मोरपंखी नाहीये आत्ता..."

"आहे ना!" काका गरजले, आणि स्वतः उठून वरच्या फळीवरून ओढून त्यांनी मोरपंखी काढली. मग एकामागून एक पदर काकूंच्या मांडीवर पडत गेले. काकूंनी काठ बघितले, पोत बघितला, एक साडी खांद्यावर टाकून आरशात स्वतःकडे बघितलं. काका थांबले की त्या म्हणत, "आणखी दाखवा." दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं आपलं बघायचं सोडून आमच्याकडे बघत राहिली.

सगळं बघून झाल्यावर काकूंनी मोरपंखी साडीवरून एकदा हात फिरवला, ती नीट काकांच्या पुढ्यात ठेवली आणि उठल्या.

"छान आहेत," त्या म्हणाल्या. "पुन्हा येऊ."

काका त्या ढिगापलीकडून त्यांच्याकडे बघत राहिले. जे गिऱ्हाइकाला कधी विचारायचं नसतं, ते त्यांनी विचारलं.

"कधी?"

"पुढच्या पाडव्याला," चपला घालता घालता काकू म्हणाल्या. "घरी अजून अर्ध्या घड्या मोडायच्या राहिल्यात."