बारा दिवस मी मासे खात नव्हते

जायचं ठरलं ते बाबांमुळे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. घाटकोपरच्या आमच्या शाळेत आठवीपासून संस्कृतऐवजी फ्रेंच घेता यायचं, आणि नववीच्या सुट्टीत आम्हा बारा जणांना तीन आठवडे फ्रान्सला न्यायचं निघालं. राहायचं तिथल्या कुटुंबांत, जायचं त्यांच्या मुलांबरोबर शाळेत. बाबा विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर. फ्रिज घ्यायचा बेत त्यांनी एका वाक्यात मोडला. "पाणी माठातलं पिऊ. पोरगी जाऊ दे."

आई मालवणची. तिने माझ्या बॅगेत स्वेटरमध्ये गुंडाळून मसाल्याची बरणी आणि कोकमं ठेवली. "त्या बायक दी," एवढंच म्हणाली.

फॉर्म भरताना मात्र एक गोची झाली. नाडकर्णी टीचर म्हणाल्या, "आहारापुढे सगळ्यांनी शाकाहारी लिहायचं. कोण काय वाढेल नेम नाही. आणि तिथे गेल्यावर कोणी शब्द फिरवायचा नाही, कळलं?" मी लिहिलं. मासळीशिवाय ज्यांच्या घरी बुधवार उजाडत नाही, त्यांच्या मुलीने.

सहार विमानतळावर मला सोडायला अकरा माणसं आली होती. आखातात विमान बदलून पॅरिस, तिथे एक दिवस मान वर करकरून हिंडणं, आणि मग पश्चिमेकडे सहा तास ट्रेन. खिडकीची जागा मिळाली तर डावीउजवीकडचा विचार करू नका, दोन्हीकडे गाईच आहेत. कँपेर नावाच्या स्टेशनवर उतरून पुढे बसने तासभर. बस एका वळणावर उताराला लागली आणि खाली समुद्र दिसला. निळ्या-लाल होड्या, दगडी धक्का, आणि उघड्या काचेतून आत आलेला वास. मी टीचरना म्हटलं, "टीचर, हे तर आपलं मालवण!"

"गप बस," त्या म्हणाल्या, पण त्याही हुंगत होत्या.

माझ्या वाट्याला आलेलं घर चढावर, धक्क्यापासून दहा मिनिटांवर. मादाम आनिक, उंच, लाल गालांची, भराभर बोलणारी. तिची मुलगी सोलांज, माझ्याच वयाची. आणि नवरा यान. त्याच्या गमबुटांवर माशांचे खवले चिकटले होते. म्हणजे तीन आठवडे मी मच्छीमाराच्या घरी शाकाहारी राहणार. वाट लागली!

पहिले दिवस तसे झकास गेले. नाश्त्याला वाडग्यातून कॉफी, त्यात पाव बुडवून खायचा. दुपारी कुट्टू नावाच्या तिथल्या धान्याच्या पिठाची काळसर, पातळ पोळी. त्या बाजूला गेलात तर ती खाच, आपल्या घावण्याची सख्खी बहीण वाटते. शाळेत सोलांज मला वर्गावर्गात मिरवायची. रात्री दहापर्यंत उजेड, त्यामुळे जेवण झाल्यावरही आम्ही पोरी धक्क्यावर. फक्त माझी फ्रेंच कोणाला कळत नव्हती. पुस्तकातली वाक्यं मी इतकी शुद्ध बोलायचे की समोरचा गोंधळून जायचा. मग मी "वी" म्हणजे हो आणि "मेर्सी" म्हणजे आभार, या दोन शब्दांवर आले.

जेवायला मात्र बटाटे, गाजराचा कीस, ऑम्लेट, चीज. आनिक वाचनालयातून शाकाहारी पाककृतींचं पुस्तक घेऊन आली होती. वेगळा नवा तवा आणला होता. त्या घरात एकदाही मासे शिजले नाहीत. मला वाटलं, मच्छीमाराला मासळीचा कंटाळा येत असेल.

बाराव्या दिवशी, शनिवारी, मी आनिकबरोबर बाजाराला गेले. शेजारणीला द्यायला तिला मासळी हवी होती आणि यानची होडी अजून परतली नव्हती. धक्क्याजवळच्या ठेल्यावर बांगडे होते, आपल्यापेक्षा लांबट, पाठीवर वाघासारखे पट्टे. आनिक बोलण्याच्या नादात एक वाटा उचलू लागली. त्यातल्या बांगड्यांचे डोळे आत गेलेले मला लांबूनच दिसले.

"नों!" मी ओरडलेच. दुसऱ्या वाट्यातला एक उचलला, कल्ला वर करून लालभडक रंग दाखवला. "हे घ्या."

ठेलेवाली हसत सुटली. "ही पोर तुझ्यापेक्षा हुशार आहे गं!"

आनिक हसली नाही. "तुला कसं कळलं?"

"माझी आई... बाजारात... नेहमी."

"तुझी आई मासे खाते?"

"हो."

"आणि तू?"

नाही म्हणता आलं असतं. हातातला बांगडा गार होता, बोटांना वास लागला होता. मी म्हटलं, "मी पण."

चढावर ती माझ्या चार पावलं पुढे चालत राहिली. घरी पोचल्यावर सोलांजने मला खोलीत गाठलं आणि पहिल्यांदाच मला तिचा शब्द न् शब्द कळला. "पप्पा बारा दिवस होडीवरच जेवून येतात. तुला वासाने त्रास होऊ नये म्हणून. आपल्याच घरात मासे खात नाहीत!"

मी शब्दकोश काढला. तासभर बसून चार वाक्यं लिहिली, रडत रडत. स्वयंपाकघरात जाऊन कागद आनिकपुढे धरला. तिने तो घेतलाच नाही. "बोल."

"मी खोटं लिहिलं. टीचरनी सांगितलं होतं. पण नंतरचं खोटं माझं."

"माझी भीती वाटली?"

"नाही. तुम्ही तवा आणलात. मला लाज वाटली."

आनिकने डोळे पुसले आणि चाकू माझ्या हातात दिला. "मग आज तुझ्या आईसारखे कर."

आता खरी पंचाईत. मला कल्ले बघता यायचे, रांधता कुठे येत होतं! आठवून आठवून बरणीतला मसाला, कोकमं, त्यांचा लसूण घालून बांगड्यांचं तिखलं केलं. मसाला दुप्पट पडला. सोलांज पाण्याच्या नळाखाली तोंड धरून उभी राहिली. यान घामाघूम झाला, नाक पुसत राहिला आणि पावाने भांडं पुसून संपवलं. टीचरना बातमी कळली तेव्हा मला ओरडा बसलाच. आनिक मधे पडली, म्हणून निभावलं.

तुम्ही मुलांना अशा घरी पाठवणार असाल, तर फॉर्म खरा भरा.

परत आल्यावर विक्रोळीच्या आमच्या घरी आईला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. तिने विळी बाजूला सारली. "बारा दीस त्या बापड्यान आपल्या घरात मासो खावक नाय?" मग म्हणाली, "कागद हाड."

तिने सांगायचं, मी फ्रेंचमध्ये लिहायचं. "बाय, माझ्या चेडवान तुमका फसवल्यान. असा मी तिका शिकवूक नाय." 'बाय'ला शब्द सापडेना, म्हणून तो तसाच ठेवला.

महिन्याभराने उत्तर आलं, आणि मग येतच राहिलं, वर्षानुवर्षं. परीक्षेपुरती शिकलेली फ्रेंच मी केव्हाच विसरले. पण गुडघेदुखी, सून, जाळं, हिशेबी शेजारीण हे शब्द अजून येतात, कारण एकमेकींना कधीही न भेटलेल्या त्या दोघींना तेच बोलायचं असायचं. पाकिटावर नाव माझं असे. आतलं पत्र मात्र सुरू होई, 'प्रिय बाय.'