तेनिंगच्या पाहुण्याचं आडनाव

तेनिंग न्गोमला काळजी करायला कारण लागत नाही. पण या खेपेला कारण होतं, आणि ते विमानातून उतरून तिच्याच अंगणात, तिच्या नवऱ्याचा सैल झगा घालून चहा पीत बसलं होतं. त्याचं नाव जोरिस. बेल्जियममधल्या गेन्ट गावात त्याची छोटी कंपनी होती, बोललेलं समजून घेणारी यंत्रं बनवणारी.

तेनिंग आमच्या समुद्रकाठच्या जोआल गावचीच. बाप होडीवाला. लहानपणी बापाची होडी दिसेपर्यंत पोरगी वाळूत उभी राहायची, आई ओढून न्यायची तरी हलायची नाही. ती सवय काही गेली नाही, फक्त होडीच्या जागी दुसरं काहीतरी येत गेलं. शिकली, राजधानीत डाकारला फोनच्या दुकानात काउंटरवर बसली, लग्न झालं तरी नवरा-मुलं इकडे आणि ही तिकडे. शेवटी कंटाळून परत आली ती एक कल्पना घेऊन. आमच्या बाया किनाऱ्यावर तारल्या भाजून, धुरी देऊन विकतात. वाचता येत नाही, म्हणून दलाल सांगेल तो भाव. तर बाईने फोन लावायचा, आपल्या सेरेर बोलीत विचारायचं, ‘डाकारात आज तारलीला काय भाव?’ आणि फोनने बोलून उत्तर द्यायचं. उत्तराचा आवाज तेनिंगचा, समजून घेणारं यंत्र जोरिसचं.

चार महिन्यांची चाचणी संपली होती. आता दोघांनी मिळून एक कंपनी काढायची की नाही, ते ठरवायला जोरिस आला होता. हो म्हणाला तर काम चालू. नाही म्हणाला तर महिनाअखेर फोन बंद, आणि तेनिंग पुन्हा मुलांना सोडून डाकारच्या काउंटरवर. एवढं साधं होतं ते.

घोडं अडलं होतं ते कौतुकावर. प्रत्येक उत्तरानंतर फोन विचारायचा, छान वाटलं की वाईट? बटण दाबा. बायांनी दाबलं ते ‘छान’. सगळ्यांनी, रोज.

“एकही तक्रार नाही,” जोरिस पहिल्याच संध्याकाळी म्हणाला. “असं मी कुठे पाहिलं नाही, मादाम. माझ्या आईचीसुद्धा माझ्याबद्दल तक्रार असते.”

तो हसला, पण तेनिंगला त्यातलं न बोललेलं बरोबर ऐकू आलं. त्याला वाटत होतं, ही बटणं हिनेच दाबली. आता त्याला कसं सांगावं? आमच्याकडे तोंडावर वाईट बोलायची रीतच नाही. घर जळत असलं तरी विचारणाऱ्याला आधी ‘सगळं बरं आहे’ म्हणायचं, मग हळूच पाणी मागायचं. त्यातून फोनमधला आवाज आपल्याच पोरीचा. तिला ‘वाईट’ म्हणून कोण बटण दाबेल? तेनिंगला आतून कळत होतं की काहीतरी बिनसलंय. बाया फोन लावत होत्या खऱ्या, पण भाव मात्र पूर्वीसारखा दलालाच्याच तोंडून घेत होत्या. विचारलं की डोक्यावरचं फडकं सावरून म्हणायच्या, “बरं आहे गं, देवाची कृपा.”

आणि घाबरलेलं माणूस करतं तसं तिने नको तेच केलं. पाहुण्याला मान द्यावा म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मासे भाजायच्या आवारात सगळ्यांसमोर त्याला आपलं आडनाव दिलं. “हा आता आपला. जोरिस न्गोम.”

झालं. न्गोम म्हणजे घरचा, त्यात पाहुणा, त्यात लांबून आलेला. बायांनी त्याला धुरातून उठवून सावलीत बसवलं, माशांच्या तांबड्या भाताची परात पुढे ठेवली, आणि त्याने तोंड उघडलं की त्यात घास. बायांच्या मंडळाची म्होरकी तेनिंगची सिगा आत्या.

“आत्या, यंत्रात काय चुकतं, मला सांगा ना,” जोरिस म्हणाला, बाजारात सगळ्यांना कळणाऱ्या वोलोफ बोलीत; तेवढी त्याला येत होती.

“चुकतं? छे रे बाबा. यंत्र म्हणजे मध. तू वाळलायस किती, तो मासा घे.”

दुपारपर्यंत जोरिसने विचारणं सोडून दिलं. मांडीवरचा लॅपटॉप त्याने मिटला. संध्याकाळी तो फार सभ्यपणे म्हणाला, “गेन्टला जाऊन कळवतो.” कळवतो म्हणजे काय, हे डाकारच्या काउंटरवर बसलेल्या बाईला सांगावं लागत नाही. तिने नवऱ्याला काही सांगितलं नाही, मुलींच्या वेण्या घालून दिल्या आणि स्वतः जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर जोरिस निघणार होता. सकाळ उलटल्यावर बर्फाची गाडी आली. गाडीवाला लामिन सांबू हा जोला जमातीचा, दक्षिणेकडचा. सेरेर आणि जोला आम्ही एकमेकांची भावंडं, पण थट्टेची. जोला दिसला की सेरेर बाईने तोंडाला येईल ते बोलावं, त्याने सव्याज परत करावं, आणि राग कोणी मानायचा नाही. जो मानेल त्यालाच पाप.

“आला भातखाऊ,” सिगा आत्या ओरडली. “बर्फ आणलास की वाटेत ताडी थंड करायला वापरलास?”

“बाजरीखाऊ म्हातारे, तुला बर्फ कशाला? तुला बघून मासे आपोआप गार पडतात.”

“तू आणि ते तेनिंगचं यंत्र, दोघं एकाच आईचे. सकाळी बोलवावं तर दुपारी उगवता.”

आवारभर हशा पिकला. तेनिंग भट्टीच्या आड उभी होती. तिने ते ऐकलं. म्हणजे हे सगळं लामिनला सांगून झालं होतं. गावात न ऐकलेली एकटी तीच.

तिला दोन वाटा दिसत होत्या आणि दोन्ही वाईट. गप्प राहिली तर जोरिस संशय घेऊन जाणार. बायांना बोलतं केलं तर तक्रारींचा ढीग निघणार, तो बघून जाणार. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिची आई म्हणायची. पण ही मूठ इतकी झाकली होती की आत काय आहे ते तिलाही ठाऊक नव्हतं. जोरिस सावलीत बूट बांधत होता. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि लामिनचा हात धरला.

“लामिन, माझा पाहुणा घे. तुझं आडनाव दे त्याला.”

लामिनने दोघांकडे बघितलं आणि गाडीवर चढला. “ऐका गं बाजरीखाऊंनो. हा न्गोम नाही. चूक झाली. हा माझा धाकटा भाऊ, जोरिस सांबू. बघा, दिसायलाही माझ्यासारखाच आहे.”

बायांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग एक तरणी बाई खवल्यांनी भरलेले हात घेऊन पुढे आली. “जोला आहेस होय? मग हे हात बघ. या हातांनी तुझं बटण कसं दाबू? जिभेने?”

मग धरणच फुटलं.

“यंत्र भाव ओरडून सांगतं रे. दलाल शेजारीच उभा. त्याला आयता भाव कळतो.”

“आणि तो आवाज. नव्या सुनेने सासूला हिशोब विचारावा तसा. कानाला नको वाटतो.”

तेनिंग तिथेच उभी होती. कान तापले, पण हलली नाही. जोरिसने लॅपटॉप उघडला होता आणि तो भराभर लिहीत होता.

“आणि उत्तर दुपारी का येतं? होड्या सकाळी लागतात. दुपारी काय चाटू?” हे सिगा आत्याचं.

जोरिसचा हात थांबला. तो लाल झाला. जोला झाला होता, आता त्यालाही तोंड चुकवता येत नव्हतं. “खरं सांगू?” तो म्हणाला. “यंत्राला वोलोफ कळतं. सेरेर अजून कळतच नाही. तुमचा प्रश्न आला की गेन्टमध्ये एक सेरेर मुलगा ऐकून लिहितो. सकाळी त्याचं कॉलेज असतं.”

“कोणाच्या घरचा?” तीन बायांनी एकदम विचारलं.

“फातिककडचा आहे, तुमच्या इकडचाच.”

“त्याला म्हणावं, कॉलेज बुडव.”

बाया हसत होत्या, तेनिंगला मात्र हसू आलं नाही. चार महिने तिने नेटवर्कला शिव्या घातल्या होत्या, बायांना दोष दिला होता, स्वतःला तर रोज. आणि या जोरिसने तिला लिहिलं होतं, यंत्र सेरेर शिकलंय. तिला भयंकर राग आला, आणि रागासोबत कितीतरी दिवसांनी सुटल्यासारखंही वाटलं; दोष तिचा नव्हता.

“मी तर ईदपासून ऐकतच नाही ते,” सिगा आत्या म्हणाली. ती जोरिसकडेच बघत होती, तेनिंगकडे नाही. “फोन लावते, उत्तराचा फोन आला की बाजूला ठेवते, आणि शेवटी ‘छान’ दाबते. इथल्या सगळ्याजणींना मीच दाबायला लावते. पोरगी परत डाकारला जाऊ नये म्हणून. आता लिही ते, जोला.”

जोरिसने लिहिलं नाही. तेनिंगने तोंड फिरवलं. धुराने डोळे चुरचुरतात, आमच्या आवारात कोणी त्याचं कारण विचारत नाही.

निघायच्या आधी दोघं ओढून ठेवलेल्या होडीच्या कडेला बसले. जोरिस म्हणाला, “मी भागीदारीला तयार आहे. पण आता तुम्ही तयार आहात का, ते मला माहीत नाही.”

“जोला, तू खोटारडा आहेस,” तेनिंग म्हणाली.

“आहे.”

“यंत्र आधी सेरेर शिकेल, आमच्या बायांकडून. त्यांच्या आवाजावर हक्क त्यांचा राहील. भाव कानात सांगायचा, ओरडून नाही. आणि माझा आवाज काढून टाक.”

“तुमचा आवाज मला आवडतो.”

“तू सासू नाहीस.”

तो सगळ्याला हो म्हणाला. लामिनने त्याला बर्फाच्या गाडीतूनच हमरस्त्यावर सोडलं.

संध्याकाळी तेनिंग आवारात परत आली. भट्ट्या विझत होत्या. ती आत्याजवळ उकिडवी बसली आणि तिचे खरखरीत हात हातात घेतले.

“आत्या,” तिने विचारलं, “आता सगळं बरं आहे ना?”

“सगळं बरं आहे, पोरी. देवाची कृपा.”

तेनिंगने मान हलवली, झग्यावरची राख झटकली, आणि आत्या ज्याला खरं सांगेल तो लामिन परत आला का ते बघायला रस्त्याकडे निघाली.