कड्यावरचा उखाणा

लग्नाला वर्ष उलटलं तरी मी नवऱ्याशी सलग तासभर बोलले नव्हते. भांडण नव्हतं, सवडच नव्हती. हे आठवडाभर चिखल्याला खाणीच्या ऑफिसात आणि मी आंधळगावला सासरी. रविवारी घरी आले की यांच्याभोवती आई, काका, चुलतभाऊ आणि शेजारचे दोन म्हातारे. मी चहा नेऊन द्यायची आणि रिकामे कप परत आणायची. सत्तरचं दशक सरत आलं होतं, पण आमच्या घरापर्यंत ती खबर पोचलेली नव्हती.

अशात एका मे महिन्यात यांनी जाहीर केलं की आपण तीन दिवस डोंगरावर दगड चढायला जाणार, बायकोला घेऊन. कॉलेजात असताना हे हिमालयात जाऊन चढाईचं शिक्षण घेऊन आले होते. तेव्हापासून उभा दगड दिसला की हे त्याच्याकडे अशा काही नजरेनं पाहायचे, जशी नजर माझ्या वाट्याला अजून आली नव्हती. सासूबाईंना वाटलं, देवीचं दर्शन असेल. वर देवी नाही म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "मंग जाता कायले?" याचं उत्तर त्यांना शेवटपर्यंत मिळालं नाही.

निघताना सासूबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं. घरात घ्यायचं नाहीच, रानात तर मुळीच नाही. उखाण्यात चालतं, कारण उखाण्यात ते नाव ओळीत गुंडाळलेलं असतं. मी मान डोलावली. तसंही मला नाव घ्यायचं नव्हतं, मला डोंगर चढायचा होता. माहेरी मी चिंचेच्या झाडावर सगळ्या भावांच्या वर बसायची, आणि वर्षभरात माझ्या पायांनी ओट्यापेक्षा उंच काही पाहिलं नव्हतं.

सोबत यांचा खाणीतलाच मित्र होता, मी त्यांना भाऊजी म्हणायची, आणि त्यांची बायको, म्हणजे वहिनी. साकोलीला बसमधून उतरलो, बाजारातून कांदे, लाखोळीची डाळ, तांदूळ घेतले आणि बैलगाडीनं डोंगराच्या पायथ्याशी गेलो. कांदे ठेवायला पिशवी नव्हती, म्हणून ते यांच्या खाणीतल्या कडक टोपीत, हेल्मेटात, भरले. पुढचे तीन दिवस ती टोपी माझ्या डोक्यावर होती आणि तिचा वास केसांतून जायला पंधरवडा लागला.

वर वनखात्याची झोपडी होती. मातीच्या भिंती, कवेलूंचं छप्पर, पुढे छोटी पडवी. चौकीदारानं किल्ली दिली, झरा दाखवला आणि नात्यात लग्न आहे म्हणून तो परवा सकाळी येतो सांगून निघून गेला. तो वळणाआड झाला आणि आम्ही चौघं एकमेकांकडे पाहत राहिलो. मग वहिनीनं डोक्यावरचा पदर काढला, कमरेला खोचला आणि कारण नसताना हसायला लागली. मीही लागले. कुणी विचारणारं नव्हतं म्हणूनच बहुतेक जास्त हसू येत होतं. खाली अंगाची लाही होत होती आणि वर इतका वारा होता की संध्याकाळी चक्क चादर घ्यावी लागली. आम्ही रानातली पिकली टेंभरं खात पडवीत बसलो आणि बिया कोण लांब थुंकतो याची शर्यत लावली. वहिनी जिंकली.

झोपडीच्या मागेच तो दगड होता. दुमजली घराहून थोडा उंच, मध्येच पोट सुटलेला. हे आणि भाऊजी मागच्या सोप्या वाटेनं वर जाऊन बसले. दोघांनी आपापली दोरी झाडाला बांधून, कमरेभोवती घेऊन खाली सोडली. एका दोरीला मी, दुसऱ्या दोरीला वहिनी. मी यांचा जुना पायजमा घातला होता आणि वहिनीनं धानाच्या रोवण्याच्या वेळी बाया खोचतात तशी साडी गुडघ्यापर्यंत खोचली होती. दगडाच्या पोटामुळे वरच्यांना आम्ही दिसत नव्हतो. आम्हाला दोरी सैल हवी असली तर "ढील" ओरडायचं आणि घट्ट हवी असली तर "ताण". एवढं सोपं होतं.

पण नवऱ्याला हाक कशी मारायची? मी म्हणाले, "अजी, ताण." त्याच वेळी तिकडून वहिनी म्हणाली, "अजी, ढील द्या." वर दोन अजी बसले होते आणि दगडावर आवाज असा घुमायचा की कुणाची बायको ओरडली ते कळेना. आमच्या अजींनी वहिनीचं ऐकून मला ढील दिली. मी हातभर घसरले, कोपर सोलून निघालं. तिकडे भाऊजींनी माझं ऐकून वहिनीला असं ताणलं की ती बादलीसारखी वर गेली आणि तिथूनच नवऱ्याच्या खानदानाचा उद्धार करू लागली.

त्यावर झोपडीत बैठक बसली. मी सुचवलं की दोऱ्यांना एक-दोन आकडे द्या. पण भाऊजी दुसरा नंबर घ्यायला तयार नव्हते आणि आमचे हेही नव्हते. खरं म्हणजे दोघांना मजा पाहायची होती. हिमालयात सगळे नावानंच हाका मारतात, असं यांनी अगदी मास्तरासारखं सांगितलं आणि नियम केला की नाव घेतल्याशिवाय दोरी हलणार नाही. वहिनी म्हणाली की मग उखाण्यातच घेऊ, काय करायचं ते करा. मलाही सुटल्यासारखं झालं, कारण सासूबाईंचा शब्दही राहत होता.

असा उखाणा घेऊन दगड चढण्याचा प्रकार हिमालयात कुणी केला नसेल. वहिनी पोटाखाली लोंबकळत गळा काढून म्हणाली, "पितळेच्या लोट्यात हिरीचं पानी, अमुकराव, ढील द्या, लटकली तुमची रानी." अमुकराव वर हसून हसून लोळायला आले, तरी दोरी बरोबर सुटली. मी माझ्या उखाण्यांत लाखोळीच्या डाळीला फोडणी दिली, टेंभराच्या झाडाला फळं लावली, यांच्या दोरीला बैलाचं बळ दिलं. एकेक ओळ जुळेपर्यंत बोटं बधिर व्हायची. हसताना हातातला जोर जातो हे मला तिथे कळलं, कारण मी दोनदा फक्त हसण्यापायी खाली आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनी वर पोचली. तिनं वरून खाली वाकून मला आपले दात दाखवले. मी मात्र पोटाशी जाऊन अडकायची आणि परत यायची. रात्रभर मला झोप लागली नाही. उद्या चौकीदार येणार, बस गाठायची, मग पुन्हा ओटा आणि चहाचे कप. हा दगड चढल्याशिवाय मी घरी गेले तर जन्मभर मला तो दिसत राहिला असता. मला रडू येत होतं आणि रडण्याचा रागही येत होता.

सकाळी उजाडताच मी यांना उठवलं आणि वर पाठवलं. वहिनीही डोळे चोळत दगडाखाली येऊन उभी राहिली. त्या वेळी दगड गार होता. पोटापर्यंत मी न बोलता गेले. डावा हात एका खाचेत, उजवा पाय बोटभर कंगोऱ्यावर, आणि आता अंग बाहेर झोकून वरची कड पकडायची होती. त्यासाठी दोरी ताणलेली हवी होती, आणि ती सैल लोंबत होती. मी सुरुवात केली, "मोहाच्या झाडाखाली टाकली घोंगडी..." आणि पुढचं सुचेना. घोंगडीला काहीच जुळेना.

वरून यांचा आवाज आला, "हं, पुढं?"

पाय थरथरायला लागला. तो माझा पायच नाही असं वाटत होतं. खाली वहिनी कुजबुजत होती, कोंबडी म्हण, कोंबडी. कंगोऱ्यावरून अंगठा सरकला, आणि मी नाव घेतलं. ओळीत गुंडाळलेलं नाही, मागे राव नाही, अजी नाही. नुसतं नाव, छाती फुटेल एवढ्या आवाजात. समोरच्या डोंगरानं ते जसंच्या तसं परत केलं.

दोरी खाडकन ताणली गेली. माझा पाय हवेत होता पण मी पडले नव्हते. मी हात झोकला, कड सापडली, पोट खरवडत, गुडघे फोडत वर आले आणि उभी राहिले. खाली तळी दिसत होती, बरीचशी आटलेली, आणि त्यांच्यापलीकडे धुरकट शेतं. मी जोरात हसत होते. वहिनी खालून टाळ्या वाजवत होती.

हे कमरेभोवती दोरी घट्ट धरून तसेच बसले होते आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. मला वाटलं, रागावले. सासूबाई आठवल्या. मी म्हटलं की चुकून तोंडातून गेलं.

"घरी मले बापू म्हन्तेत," हे म्हणाले. "हापिसात सायेब. हा दोस्त आडनावानं बोलवते. हिमालयातून आल्यापासून नुसत्या नावानं मले कोनी हाक मारली नोती."

मग दगडाकडे पाहतात तसे माझ्याकडे पाहून म्हणाले, "आनखी एकडाव म्हन."

मी म्हटलं. हळू. तेवढ्यात चौकीदार किल्ली मागायला आला.

बस दिसताच मी पदर घेतला आणि ते पुन्हा अजी झाले. सासूबाईंनी सगळं ठीक झालं का विचारलं, मी ठीक म्हटलं. त्या नावानं यांचं आयुष्य घटलं असेल तर अजून दिसत नाही. ऐंशीकडे झुकलेत, आणि रोज सकाळी पडवीत पेपर उघडून बसतात. गेल्या काही वर्षांपासून ऐकू कमी येतं. अजी म्हटलं तर पेपर हलत नाही, दोनदा म्हटलं तरी नाही. मग मी घरात कुणी नाही ना ते पाहते आणि नाव घेते. पेपर लगेच खाली येतो.

मागच्या महिन्यात आमची मुलगी त्यांना नागपूरला कान दाखवायला घेऊन गेली होती. परत आल्यावर तिनं मला स्वयंपाकघरात येऊन सांगितलं, आई, डॉक्टर म्हणाले कान ठणठणीत आहेत, काही झालेलं नाही. मी बाहेर डोकावले. यांनी पेपर डोक्यापर्यंत वर धरला होता, आणि बाजूनं दिसणारी कानाची पाळी लाल झाली होती. मी चहा ओतला आणि नाव घेऊन हाक मारली.