वसईत व्हायोलिन आणि पाण्याची मोटर

“ताई, शनिवारी वसईला ये. चर्चमध्ये रेकॉर्डिंग आहे आणि एका तुकड्यात मी एकटी व्हायोलिन वाजवणार आहे!” मावसबहिणीचा, ऋताचा, फोन आला आणि मी लगेच बॅग काढली. या पोरीने बँकेतली नोकरी सोडून चार वर्षं याच दिवसाची वाट पाहिली होती. न जाऊन सांगते कुणाला?

नाशिकहून पहाटे पाचला गाडी काढली. भिवंडीपर्यंत मजेत, पुढे कामण-चिंचोटी रस्त्याने कंबरडं पार मोडलं. तुम्ही घोडबंदरवरून जा, बाई, तिथला ट्रॅफिक परवडला! साडेनऊला वसईत पोचले. हाताशी तासभर होता, म्हणून किल्ला पाहून घेतला. तिकीट नाही, पण पाणी सोबत न्या.

चर्च केळीच्या वाड्यांना खेटून. आत ऋता धरून पाच जण आणि अजब वाद्यं. संगीत तीनशे वर्षांपूर्वीचं, युरोपातलं, त्याला बरोक म्हणतात. त्यातही फारसं कुणी न वाजवलेलं. वाद्यंही त्या काळच्या पद्धतीची, पियानोच्या आधीचं हार्पसिकॉर्डसुद्धा. ऋताच्या व्हायोलिनला स्टीलऐवजी आतड्याच्या तारा. खारी हवा लागली की त्या उतरतात, त्यामुळे दर दहा मिनिटांनी खुंट्या पिळणं चालू. आवाज नको म्हणून पंखे बंद! घामाने आम्ही सगळे निथळत होतो.

दुपारी मी सगळ्यांसाठी पाव आणि बोंबील फ्राय आणले. दीडशे रुपयांत ताट, आणि काय चव! ऋताने मात्र एक घासही खाल्ला नाही. ग्रुपच्या प्रमुख मॅडमनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, “हार्पसिकॉर्ड न्यायला टेम्पो पाचला येणार. तोवर तुझा तुकडा नीट झाला तर आल्बममध्ये, नाहीतर राहिला.”

चारला ऋताने वाजवायला घेतलं आणि बाहेर घर्रर्र! शेजारच्या वाडीतली पाण्याची मोटर. मी धावत गेले. लुंगी खोचलेले वाडीचे मालक अंतोनकाका बावखलाच्या काठाशी उभे होते. बावखल म्हणजे इथलं वाडी शिंपायचं तळं.

“काका, अर्धा तास बंद ठेवाल?”

“आज माजी पान्याची पाळी हाय, बाय. केळी सुकतील.”

मी ऋताचं सगळं सांगितलं. त्यांनी चर्चकडे पाहिलं, मोटर बंद केली आणि म्हणाले, “मंग आमीपन ऐकनार.”

दहा मिनिटांत आख्खी आळी बाकांवर! मॅडमचा चेहरा बघण्यासारखा झाला. ऋताने हात जोडून सगळ्यांना सांगितलं, “फोन बंद करा, खोकू नका. ही प्रार्थनाच आहे, फक्त शब्द नाहीत.”

आणि ती जे वाजवायला लागली! मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, तरी डोळे भरून आले. एक सूर चुकला नाही. शेवटचा सूर वर छताशी घुमत होता, अजून विरायचा होता, आणि सगळ्या बाकांवरून एकदम आलं, “आमेन!” सगळ्यांत मोठा आवाज अंतोनकाकांचा.

रेकॉर्डिंग करणाऱ्याने कपाळावर हात मारला. सुरात मिसळलेलं आमेन कापून निघणार नव्हतं. बाहेर टेम्पो वेळेआधीच येऊन हॉर्न मारत होता, पुन्हा वाजवणं शक्य नव्हतं. प्रार्थना संपली की आमेन म्हणायचं, त्या लोकांचं काय चुकलं? ऋताने मात्र व्हायोलिन पेटीत ठेवून कडी लावली. मला तिच्याकडे बघवेना.

येताना आगाशीची सुकेळी घेतली, वाळवलेली केळी, महाग पण जरूर घ्या. नाशिकला येऊन आठ दिवस मी ती खात होते आणि ऋताच्या फोनकडे डोळे लावून होते. घरी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगत होते, की हे वाजलंय ते जगाने ऐकायलाच हवं.

नवव्या दिवशी फोन आला. “ताई, मॅडमनी घेतलं! आमेनसकट!”

मी स्वयंपाकघरात नाचले. ऋताने सगळ्यांत आधी अंतोनकाकांना ते फोनवर ऐकवलं होतं. काकांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि जरा अवघडून म्हणाले, “बाय, तेवढं आमेन परत घ्यायचं का? माजा घसा बसलेला त्या दिवशी.”